बॉस, खरं काय ते सांग ना!

रात्री सव्वाअकराला मोबाइल वाजला. पलीकडे माझी कॉलेजची मैत्रीण. हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत टीम लीड आहे. आवाज रडवेला. "अगं, क्लायंट कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढवेल की नाही, काही कळत नाहीये. टीममध्ये कुजबुज सुरू झालीये. उद्या सकाळी नऊ जणांसमोर बोलायचंय. काय सांगू?"

तिची टीम म्हणजे स्क्रीनवरचे नऊ चौकोन! एक जण लातूरला, दोघं नागपूरला, एक कोल्हापूरला. बाकीचे पुण्यातच, पण आपापल्या घरी. सगळे ऑफिसात असते तर चहाच्या टपरीवर चेहरे बघूनच कळलं असतं, कोण टेन्शनमध्ये आहे ते. इथे माइक म्यूट, कॅमेरे बंद.

"वरून सांगितलंय, टीमला मोटिव्हेट कर. ऑनलाइन हाउजी ठेवू का?"

मी जवळजवळ ओरडलेच, "बाई गं, हाउजी नको!"

कारण त्या हाउजीचा अनुभव मी घेतलाय.

शुक्रवारी हाउजी, जूनमध्ये झटका

मार्च २०२०. मास कॉमची डिग्री घेऊन लागलेली माझी पहिली नोकरी, जेमतेम आठ महिन्यांची. २२ तारखेला जनता कर्फ्यू झाला आणि २५ पासून देशभर लॉकडाऊन. आम्ही लॅपटॉप उचलून घरी आलो. आमचे बॉस रोज सकाळी दहाला व्हिडिओ कॉलवर हसतमुख हजर. 'आपण एक फॅमिली आहोत', 'काळजी करू नका', आणि शुक्रवारी हाउजी! जूनमध्ये एक ईमेल आला आणि पगार निम्मा झाला.

पगार कापला याचं दुःख होतंच. पण डोकं फिरलं ते वेगळ्याच कारणाने. हे होणार, हे बॉसना एप्रिलपासून माहीत होतं! त्यानंतर ते साधं 'गुड मॉर्निंग' म्हणाले तरी आम्ही एकमेकांना मेसेज टाकायचो, 'आता काय नवीन?' काही महिन्यांत मी राजीनामा दिला.

बातमी वाईटच, पण...

वाईट बातमी सांगण्याच्याही पद्धती असतात. मे २०२० मध्ये 'एअरबीएनबी'चे सीईओ ब्रायन चेस्की यांनी सुमारे १,९०० जणांना, म्हणजे जवळपास पाव कंपनीला, कमी करत असल्याचं पत्र लिहिलं. निर्णय का घेतला, कसा घेतला, जाणाऱ्यांना काय मिळणार, सगळं त्यात स्पष्ट होतं. लॅपटॉपही त्यांनाच ठेवायला सांगितला. याउलट डिसेंबर २०२१ मध्ये 'बेटर डॉट कॉम'च्या विशाल गर्ग यांनी सुमारे ९०० जणांना एका छोट्याशा झूम कॉलवर घरी पाठवलं. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. नोकऱ्या दोन्हीकडे गेल्या, पण माणसांना वागवण्यात जमीन-अस्मानाचा फरक!

दिवस अनिश्चित असले की बॉस लोकांना आणखी एक खोड लागते, पाळत ठेवण्याची. 'मायक्रोसॉफ्ट'च्या २०२२ च्या पाहणीत ८७ टक्के कर्मचारी म्हणाले, आम्ही नीट काम करतोय. तशी पूर्ण खात्री असलेले बॉस मात्र फक्त १२ टक्के! मग चॅटमधला हिरवा ठिपका कोणाचा विझला, हे बघत बसायचं. आधीच घाबरलेल्या माणसाचा त्याने कामातला उरलासुरला जीवही जातो.

माहीत आहे, माहीत नाही, कधी सांगेन

मैत्रिणीने आधी मॅनेजरकडून नीट विचारून घेतलं, की यातलं टीमला काय सांगता येईल. मग सकाळच्या कॉलवर तीनच गोष्टी सांगितल्या. कॉन्ट्रॅक्ट या तिमाहीच्या अखेरपर्यंत नक्की आहे. पुढचं मला माहीत नाही. आणि दर शुक्रवारी चार वाजता मी कॉलवर येईन, नवीन काही नसलं तरी.

पहिल्या दोन शुक्रवारी काहीच नवीन नव्हतं. ती तेवढंच सांगायची आणि पाच मिनिटांत कॉल संपायचा. पण लोक बोलायला लागले. प्रत्येकाशी पंधरा मिनिटं वेगळं बोलताना कळलं, की लातूरच्या मुलाने नुकतंच होमलोन घेतलंय. तिने त्याचा सीव्ही बसून दुरुस्त करून दिला.

शेवट काही फिल्मी झाला नाही. प्रोजेक्ट लहान झाला. तिघांना जावं लागलं, त्यात लातूरचाही होता. पण एकालाही ही बातमी बाहेरून कळली नाही, आणि राहिलेल्या सहा जणांनी काम अर्धवट टाकलं नाही.

तुम्हीही टीम लीड आहात?

• अपडेटचा वार आणि वेळ ठरवा, आणि चुकवू नका.
• 'माहीत नाही' म्हणायला लाजू नका. पण 'नोकरी जाणार नाही' असं वचन आपल्या हातात नसेल तर देऊ नका.
• काम मोजा, ऑनलाइन किती वेळ दिसतात ते नाही.
• आठवड्याचं काम छोट्या तुकड्यांत वाटा. पूर्ण झालं की सगळ्यांसमोर नाव घ्या.
• हाउजी जरूर खेळा, पण खरं सांगून झाल्यावर!

परवा शुक्रवारी चारला मैत्रिणीच्या मोबाइलवर मेसेज आला. लातूरचा मुलगा, आता नव्या नोकरीत. 'काय मॅडम, आजचं अपडेट?'