नौदलाच्या माहितीजाळ्याचे पहारेकरी

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा दहशतवादी समुद्रमार्गे मुंबईत उतरले. ‘कुबेर’ ही मच्छीमार नौका त्यांनी भर समुद्रात ताब्यात घेतली होती. तरीही किनाऱ्यावरील यंत्रणा वेळीच सावध होऊ शकल्या नाहीत. समुद्रावरील हालचालींची विखुरलेली माहिती एकत्र आणून ती तातडीने योग्य अधिकाऱ्यापर्यंत पोहोचविणे किती निकडीचे आहे, हे त्या घटनेने दाखवून दिले. नोव्हेंबर २०१४ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्या हस्ते गुरुग्राम येथे माहिती व्यवस्थापन व विश्लेषण केंद्राचे उद्घाटन झाले. नौदल व तटरक्षक दलाची ५१ केंद्रे त्याच्याशी जोडण्यात आली. अशी जाळी उभारणे, चालती ठेवणे आणि त्यांचे रक्षण करणे, हे आज नौदल अधिकाऱ्यांसाठी कारकिर्दीचे स्वतंत्र क्षेत्र ठरले आहे.

कामाचे स्वरूप

शहरातील कार्यालयात जाळे बंद पडले तर काम थांबते. समुद्रात ते बंद पडले तर जहाज एकाकी होते. किनाऱ्यापासून दूर गेलेल्या जहाजाचा मुख्य आधार उपग्रह असतो. नौदलासाठीचा जीसॅट-७ म्हणजेच ‘रुक्मिणी’ हा उपग्रह ऑगस्ट २०१३ मध्ये, तर त्याची जागा घेण्यासाठीचा सीएमएस-०३ हा नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रक्षेपित झाला.

परंतु संपर्क साधता येणे एवढेच पुरेसे नसते. जहाजावरून निघणाऱ्या रेडिओ लहरींचा माग काढून शत्रू त्याचा ठावठिकाणा ओळखू शकतो. त्यामुळे कोणता संदेश, केव्हा आणि कोणत्या मार्गाने पाठवायचा, याबरोबरच केव्हा मौन पाळायचे, याचाही निर्णय घ्यावा लागतो. गोपनीय जाळे इंटरनेटपासून अलग ठेवणे, संदेशांचे सांकेतिकीकरण आणि कोणाला कोणती माहिती पाहता येईल याच्या मर्यादा आखणे, ही कामेही तितकीच महत्त्वाची.

या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा बहुधा माणूसच असतो. समाजमाध्यमांतून जाळ्यात ओढल्या गेलेल्या काही नौसैनिकांना हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाल्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये नौदलाने जहाजांवर व तळांवर स्मार्टफोन वापरण्यास बंदी घातली.

प्रवेशाचा मार्ग

माहिती तंत्रज्ञान शाखेत ‘शॉर्ट सर्व्हिस कमिशन’द्वारे प्रवेश मिळतो. संगणकशास्त्र, माहिती तंत्रज्ञान, सायबर सुरक्षा आदी विषयांतील बी. ई., बी. टेक. वा एम. एस्सी., तसेच एम. सी. ए. झालेल्या अविवाहित तरुण-तरुणींना अर्ज करता येतो. किमान ६० टक्के गुण आणि दहावी वा बारावीला इंग्रजीतही ६० टक्के गुण आवश्यक असतात. पदवीच्या गुणांवरून निवडक उमेदवारांना सेवा निवड मंडळाच्या मुलाखतीसाठी बोलावण्यात येते. काही दिवस चालणाऱ्या या निवडप्रक्रियेत मानसशास्त्रीय चाचण्या, गटकार्ये व मुलाखत होते. त्यानंतर वैद्यकीय तपासणी असते. प्रशिक्षणाचा आरंभ केरळमधील एझिमला येथील भारतीय नौदल अकादमीत होतो. सब-लेफ्टनंट पदाचे मूळ वेतन दरमहा ५६,१०० रुपये असून भत्ते वेगळे मिळतात. वयोमर्यादा व अन्य अटींसाठी उमेदवारांनी नौदलाची अधिकृत जाहिरात पाहावी.

निर्णयापूर्वी

ही सेवा आरंभी दहा वर्षांची असून ती कमाल चौदा वर्षांपर्यंत वाढू शकते. सेवेअखेर उपदान मिळते. निवृत्तिवेतन मात्र सामान्यतः मिळत नाही. म्हणजेच पस्तिशीच्या आसपास दुसरी कारकीर्द सुरू करण्याची तयारी हवी. त्यावेळी केलेल्या कामाचा बराचसा तपशील गोपनीयतेमुळे कोणाला सांगताही येत नाही. खासगी कंपनीच्या पगाराशी केवळ आकड्यांची तुलना करणाऱ्याला हा सौदा कदाचित परवडणार नाही. मात्र पडद्यावरील एका ठिपक्याचा अर्थ वेळेत लावण्यावर किनाऱ्यावरील शहराची सुरक्षितता अवलंबून असू शकते, याचे मोल वाटणाऱ्या तरुणांनी हा पर्याय अवश्य विचारात घ्यावा.