पाव युनिटाची सवारी

पुण्यात सायकल सोडलेल्या माणसाला कारण विचारलं तर दोन उत्तरं ठरलेली असतात, चढ आणि रहदारी. रहदारीकडे पुढे येऊच. चढाचा बंदोबस्त मात्र झालेला आहे. मागच्या चाकाच्या मध्यात बसवलेली छोटी मोटार, दांड्यात दडवलेली बॅटरी आणि हँडलवर एक इवलासा डिस्प्ले, एवढा संसार घेऊन इलेक्ट्रिक सायकल कोथरूडपासून खराडीपर्यंत अधूनमधून दिसू लागली आहे. सिग्नलला थांबलं की शेजारचा स्कूटरवाला आधी विचारतो, "केवढ्याला पडली?" आणि लगेच, "पेडल मारलं की आपोआप चार्ज होते ना?"

होत नाही. हा गैरसमज आधी दूर केलेला बरा. बहुतेक सायकलींच्या मोटारीत एकाच दिशेनं पकड घेणारा क्लच असतो. उतारावर चाक मोकळं फिरतं, मोटार गप्प बसते. बॅटरीत जे काही जाईल ते घरच्या प्लगमधूनच.

कल्पना तशी जुनी आहे. मागच्या चाकात मोटार बसवलेल्या सायकलीचं पेटंट अमेरिकेत ऑग्डेन बोल्टन यांना ३१ डिसेंबर १८९५ रोजी मिळालं. घोडं अडलं ते बॅटरीच्या वजनापाशी, आणि ते जवळजवळ शंभर वर्षं अडून राहिलं. १९९३ मध्ये जपानच्या यामाहानं पायाच्या जोराच्या प्रमाणात मोटारीचा जोर देणारी सायकल विक्रीला आणली, आणि पुढे लिथियम बॅटऱ्या स्वस्त झाल्यावर गाडं खऱ्या अर्थानं सुटलं. नेदरलँड्समध्ये आज विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी निम्म्याच्या आसपास इलेक्ट्रिक असतात. २०२३ मध्ये जर्मनीतही इलेक्ट्रिक सायकलींच्या विक्रीनं साध्या सायकलींना मागे टाकलं.

आपल्याकडे मिळणाऱ्या स्वस्त सायकलीत पेडलच्या आसाजवळ चुंबकांची एक चकती असते. पेडल फिरलं की शेजारच्या सेन्सरला ते कळतं आणि मोटार सुरू होते. तुम्ही किती जोर लावता याच्याशी तिला देणंघेणं नसतं, त्यामुळे पहिली अर्धी फेरी तुमची आणि मग एकदम मागून कोणीतरी ढकलल्यासारखं वाटतं. महागड्या सायकलीत पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो, तिथे ही मदत इतकी बेमालूम येते की आपल्याच पायात ताकद आली असा भ्रम होतो. बऱ्याच सायकलींत ब्रेकच्या लिव्हरपासून एक बारीक वायर निघते. ब्रेक जरासा दाबला तरी मोटारीचा पुरवठा तुटतो. सायकल घेताना ही वायर आधी तपासावी. दाट रहदारीत ती फार कामाची आहे.

आता हिशेब. ७५ किलोचा माणूस आणि २५ किलोची सायकल, मिळून १०० किलो. एवढं वजन १०० मीटर उंच चढवायला साधारण २७ वॉट-तास ऊर्जा लागते. मोटारीत वाया जाणारी धरली तरी चाळीसच्या आत. युनिटला दहा रुपये दर धरा, चांदणी चौकाच्या चढावर मांड्या भरून येणाऱ्यांची सुटका चाळीस पैशांत होते. सपाट रस्त्यावर पेडल मारत गेलं तर किलोमीटरला दहा वॉट-तास पुरतात. म्हणजे २५० वॉट-तासांच्या, अर्थात पाव युनिटाच्या, बॅटरीत २५ किलोमीटर. पाय न हलवता नुसता थ्रॉटल पिळत बसलात तर हा आकडा बराच खाली येतो.

रोज २० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, असे ६,००० किलोमीटर धरू. लिटरला ४५ किलोमीटर देणारी स्कूटर १३३ लिटर पेट्रोल पिईल आणि ३०० किलोवर कार्बन डायऑक्साइड सोडेल, कारण एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो वायू निघतो. चार्जरमधली गळती धरूनही सायकलीला ७२ युनिटं पुरतील. ‘पण ती वीज चंद्रपूर-कोराडीच्या कोळशाचीच ना?’ हा प्रश्न रास्त आहे. देशातल्या विजेमागे युनिटला सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. ७२ युनिटांचा झाला ५० किलो. कोळसा धरूनही स्कूटरच्या सहाव्या हिश्श्याइतका.

यामागे जादू नाही, वजन आहे. इलेक्ट्रिक स्कूटर शंभर किलोच्या पुढे जाते आणि किलोमीटरला सायकलीच्या तिप्पट वीज खाते. इलेक्ट्रिक मोटारगाडी टनाहून जड आणि विजेची भूक दसपटीच्या वर. आत बसलेला माणूस तोच ७५ किलोचा. तरीही केंद्राच्या २०१९ च्या ‘फेम-२’ योजनेत स्कूटरला अनुदान मिळालं आणि सायकल वगळली गेली. दिल्ली सरकारनं २०२२ मध्ये पहिल्या दहा हजार इलेक्ट्रिक सायकलींना प्रत्येकी साडेपाच हजार रुपये जाहीर केले होते, तसा विचार आपल्याकडे व्हायला हरकत नव्हती. जीएसटीची गंमत तर वेगळीच. सप्टेंबर २०२५ पर्यंत इलेक्ट्रिक सायकलीवर ५ टक्के आणि साध्या सायकलीवर १२ टक्के कर होता! आता दोन्हींवर ५ आहे.

हे सगळं गणित एका अटीवर उभं आहे. सायकल स्कूटरच्या जागी आली पाहिजे. बसनं जाणाऱ्यानं किंवा चालणाऱ्यानं ती घेतली तर वाचणारं उत्सर्जन नगण्य, उलट बॅटरी तयार करतानाचा भार वाढतो. शनिवारी हौसेनं सिंहगडच्या पायथ्याला न्यायची आणि सोमवारी पुन्हा मोटारगाडी काढायची, यात पर्यावरणाचं काही भलं होत नाही. पुण्यात रोज नाइलाजानं सायकल मारणारे सुरक्षारक्षक, धुणीभांडी करणाऱ्या मावशी यांचा मुद्दा निराळा आहे. त्यांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली तर कार्बन कमी होणार नाही, पण दमछाक कमी होईल आणि हप्त्यावर जुनी स्कूटर घेण्याची वेळ टळेल. नेमक्या त्यांनाच २५-३० हजार परवडत नाहीत. अनुदान द्यायचंच असेल तर ते इथे द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रहदारीचं काय? तिथे मोटार हतबल आहे. २००६ मध्ये बीआरटी बसमार्गांबरोबर सायकल ट्रॅक आले, त्यांवर गाड्या लागल्या आणि हातगाड्या उभ्या राहिल्या. २०१७ मध्ये महापालिकेनं शहरासाठी सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास भाड्याच्या सायकलीही अवतरल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशा झाल्या. ताशी २५ किलोमीटरनं जाणाऱ्याला मागून येणाऱ्या गाड्यांची भीती थोडी कमी वाटते, इतकाच काय तो फरक. सलग, मोकळी मार्गिका मिळाल्याशिवाय आई-वडील मुलांना सायकलवर शाळेत धाडणार नाहीत, मग ती विजेची असो वा साधी.

काही कटकटी आधीच सांगून ठेवतो. मागच्या चाकाचं पंक्चर. मोटारीची वायर आसातून बाहेर येते, त्यामुळे चाक काढायला पंक्चरवाले नाखूश असतात. जाणकार कारागीर चाक न काढता टायर एका बाजूनं उचकटतो, ट्यूब बाहेर ओढून जागेवरच पंक्चर काढतो. असा एक जवळपास हुडकून ठेवा. पावसात चालवायला हरकत नाही, पण वॉशिंग सेंटरच्या जोरदार फवाऱ्याखाली ती धरू नका. बॅटरी ५०० ते ८०० चार्जिंगनंतर क्षीण होते आणि नवीला दहा हजारांच्या पुढे पडतात. जुनी भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरून झालेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे. आणि चार्जिंग कंपनीच्याच चार्जरनं, जागेपणी. लिथियमला आग लागली तर ती झटकन आटोक्यात येत नाही, म्हणून जिन्यात किंवा घराच्या दारात रात्रभर लावून झोपणं टाळा.

खरेदीला जाल तेव्हा ‘लायसन्स लागत नाही’ एवढ्यावर विसंबू नका. मोटार २५० वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, आणि हे एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेनं तपासून प्रमाणित केलं असेल, तरच ती कायद्यानं सायकल ठरते. दुकानदार ‘वेग रोखणारी वायर काढली की चाळीसनं पळते’ असं कौतुकानं सांगू लागला तर तिथून निघा. तशी सायकल कायद्याच्या लेखी मोटारवाहन आहे. तिला नोंदणी, विमा, परवाना आणि हेल्मेट सगळं लागतं.