पाइपात जमणारा दगड

बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरी पुटे चढतात. भूऔष्णिक वीजकेंद्रांच्या विहिरींत आणि पाइपांतही तेच घडते.

● कॅल्साइट : वर येताना पाण्यावरचा दाब घटतो, पाणी उकळते, कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि कॅल्साइट तिथेच जमतो. उपाय : पाणी उकळू लागते त्या जागेच्याही खाली बारीक नळी सोडून थररोधक रसायन सतत अल्प प्रमाणात देणे.

● सिलिका : पाणी निवू लागले की काचेसारखी कडक बसते. उपाय : वाफ वेगळी करताना तापमान फार उतरू न देणे किंवा आम्ल मिसळून सामू 5च्या आसपास ठेवणे. आम्ल जास्त झाल्यास पाइप गंजतात. मात्रा काटेकोर हवी.

● सॉल्टन सी, कॅलिफोर्निया : पाणी अतिशय खारट. काही केंद्रांत सिलिका मुद्दाम टाक्यांत खाली बसवून निवळलेले पाणी जमिनीत परत सोडतात.

● ब्लू लगून, आइसलंड : 1976मध्ये स्वार्त्सेंगी केंद्राच्या सांडपाण्यातील सिलिकाने लाव्हाची छिद्रे बुजली, पाणी साचून हे प्रसिद्ध निळे तळे तयार झाले.

विहिरीत थर घट्ट बसला, की वीजनिर्मिती थांबवून तो फोडून काढावा लागतो. म्हणून तो बसूच न देणे हाच खरा उपाय.