चार लिपी, एक पाटी

सोलापूर हें अनेक भाषांचें शहर. सरकारी व्यवहार मराठींत चालतो. विणकर पद्मशाली कुटुंबांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोटच्या बाजूस कन्नड कानीं पडते. उर्दू शाळाहि येथें आहेत. मकरसंक्रांतीस ज्या सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते, त्यांचीं वचनें कन्नडांत आहेत. अशा शहरांतील विद्यार्थी संगणकावर अभ्यास करूं लागला, म्हणजे त्याच्या पाटीवर चार लिपी एकत्र नांदल्या पाहिजेत. हें कसें साधतें?

संगणकास अक्षर कळत नाहीं, अंक कळतो. आरंभींच्या अमेरिकन संकेतांत अवघीं १२८ स्थानें होतीं. देवनागरीस तेथें जागा नव्हती. म्हणून पुढें अनेक टंकांत रोमन अक्षरांच्याच अंकांवर मराठी आकार बसविण्यांत आले. टंक बदलला कीं मजकुराचीं निरर्थक रोमन अक्षरें होत. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली व प्रत्येक लिपीस स्वतंत्र वस्ती मिळाली. देवनागरी ‘क’चा अंक २३२५, तेलुगू ‘क’चा ३०९३, तर कन्नड ‘क’चा ३२२१. भारतीय लिपींची ही मांडणी १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेतावरून घेतलेली असल्यामुळें तिन्ही ‘क’ आपापल्या वस्तीच्या आरंभापासून २१ घरें पुढें आहेत. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते. तेव्हां ओळीची दिशाहि सांभाळावी लागते.

परंतु वस्ती मिळाली म्हणजे सारें झालें असें नाहीं. ‘ॲ’ या मराठी अक्षरास स्वतंत्र अंक मिळावयास २००८ साल उजाडलें. वर्णमालेंत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, अंकांच्या क्रमांत तो ‘ल’जवळच आहे. निव्वळ अंकांवरून शब्द लावले, तर कोशाचा क्रम बिघडतो.

याहून नाजूक गोष्ट उत्तरें तपासण्याची. ‘दुसऱ्या’ हा शब्द पाहा. त्यांतील अर्धा र दोन रीतींनीं साठवितां येतो: ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढें एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांस शब्द एकच, संगणकास दोन! युनिकोडच्या एकरूपीकरणाच्या सर्वसाधारण नियमांनींहि हा भेद मिटत नाहीं. घरीं तेलुगू बोलणाऱ्या मुलानें शुद्ध मराठी शब्द लिहावा आणि सॉफ्टवेअरनें ‘चूक’ म्हणावें, असें यामुळें घडूं शकतें. यंत्राचा दोष त्यास दिसत नाहीं. तो आपल्याच मराठीवर संशय घेतो. म्हणून तुलनेपूर्वीं दोन्ही रूपें एक करण्याचें काम अभ्यासाचें सॉफ्टवेअर रचणाऱ्यानें स्वतः केलें पाहिजे.