वकिलाशिवाय सहमतीचा घटस्फोट शक्य. पण सही करण्याआधी अटी तपासा

छत्रपती संभाजीनगर : दोघांचे पटत नाही आणि भांडणही नको, तर बाँड पेपरवर ‘फारकत’ लिहून मोकळे व्हायचे, असा समज आजही अनेक घरांत आहे. मात्र रूढीने मान्य असलेले अपवाद सोडले, तर हिंदू विवाह कायद्यानुसार नोटरी केलेल्या अशा कागदाने लग्न मोडत नाही. त्या भरवशावर दुसरे लग्न केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. घटस्फोटासाठी न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. तो मिळवायला वकील लावलाच पाहिजे, असे मात्र नाही.

वकील का सक्तीचा नाही?
कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या कलम १३ नुसार या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाच्या परवानगीने तो देता येतो. पती-पत्नींनी स्वतः बाजू मांडावी, हीच मूळ कल्पना आहे. शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. त्याच्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांनी अर्ज कुठे करायचा, हे आधी विचारून घ्यावे.

अर्ज कोण करू शकतो?
हिंदू, बौद्ध, जैन, शीख दाम्पत्यांना हिंदू विवाह कायद्याचे कलम १३-ब, तर नोंदणी पद्धतीने विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांना कलम २८ लागू होते. किमान एक वर्ष वेगळे राहिलेले असावे. एकाच छताखाली राहूनही पती-पत्नीसारखे संबंध नसतील, तर ते वेगळे राहणे धरले जाते.

कागदपत्रे कोणती?
दोघांच्या सहीचा अर्ज व शपथपत्र, विवाहाचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि तडजोडीच्या अटी. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या प्रकरणात महिलांना कोर्ट फी माफ आहे.

सहा महिने थांबावेच लागते का?
पहिल्या अर्जानंतर सहा महिने ते अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा हजर राहून संमती द्यायची असते. अमरदीप सिंग विरुद्ध हरवीन कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ही सहा महिन्यांची अट शिथिल करता येते, असे सांगितले. त्यासाठी अर्जापूर्वीच दीड वर्ष वेगळे राहिलेले असावे, समेटाचे प्रयत्न फसलेले असावेत आणि पोटगी, मुलांचा ताबा हे प्रश्न मिटलेले असावेत. तशी विनंती वेगळ्या अर्जाने करावी लागते.

सर्वांत जपायचे कुठे?
तडजोडीच्या अटींत. हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. पण संमतीने झालेल्या हुकूमनाम्याविरुद्ध कौटुंबिक न्यायालय कायद्याच्या कलम १९ नुसार अपील नाही. त्यामुळे पोटगीची रक्कम, ती देण्याची तारीख, स्त्रीधन, घर, कर्जाचे हप्ते, मुलांचा खर्च आणि भेटीचे दिवस स्पष्ट लिहावेत. ‘नंतर बघू’ म्हणून काहीही मोघम ठेवू नये. आईने स्वतःची पोटगी सोडली, तरी मुलांचा हक्क त्यामुळे संपत नाही.

छळाचा गुन्हा दाखल असेल, तर तो घटस्फोटाने आपोआप मिटत नाही. तो रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाच्या येथील खंडपीठात स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

अटी समजत नसतील, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन : १५१००. सल्ला घ्यायचा तो सही करण्यापूर्वी. नंतर हातात फारसे काही उरत नाही.