बंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को: उत्तर ध्रुवाकडची जवळची वाट

दोन विमानतळांमधले हवाई अंतर बृहद्वृत्तावर (गोलाला बरोबर दोन समान भागांत विभागणारे वर्तुळ) मोजतात. नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेघ सर्वांत जवळची, हा समज स्वाभाविक आहे. पण सपाट नकाशात ध्रुवांकडचा प्रदेश ताणला जातो, त्यामुळे ती रेघ फसवते. मोसंब्यावरच्या दोन टिंबांमध्ये दोरा ताणून धरला, की तो आपोआप जवळची वाट धरतो. टिंबे समोरासमोरच्या अंगांना असतील तर देठावरूनही जातो.

बंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्को अशीच समोरासमोर आहेत. त्यांच्या रेखांशांत सुमारे १६० अंशांचा फरक असल्याने सुमारे १४,००० किलोमीटरची जवळची वाट उत्तर ध्रुवीय प्रदेशातून जाते. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान याच वाटेने न थांबता बंगळुरूला आणले. भारतीय हवाई वाहतुकीतला तो खरोखर मोठा टप्पा होता.

विमान सॅन फ्रान्सिस्कोहून ९ जानेवारीच्या रात्री निघाले आणि ११ जानेवारीच्या पहाटे उतरले. तारखा पाहून प्रवास दीड दिवसाचा वाटतो. प्रत्यक्षात तो सुमारे १७ तासांचा होता. हिवाळ्यात बंगळुरूचे घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या साडेतेरा तास पुढे असते, तेवढे वजा करावे लागतात. शिवाय उड्डाणाचा काळ केवळ अंतरावर ठरत नाही. वारा पाठीमागून असला तर तो घटतो, समोरून असला तर वाढतो.