छोट्या नौकेचा तळ किती गुळगुळीत हवा?

अबू धाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर वसलेले रुवैस ओळखले जाते ते तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी आणि धक्क्याला लागणाऱ्या टँकरसाठी. जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटले की इंधनाचा खर्च किती वाढतो, हे इथल्या अभियंत्यांना सांगावे लागत नाही. रेडिओ नियंत्रणावर धावणाऱ्या एक मीटर लांबीच्या शर्यतीच्या नौकेलाही तोच न्याय लागू होतो. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात नौका-प्रतिकृती घडवण्याचा नाद लागलेल्यांच्या मनात मात्र एक समजूत घर करून असते: तळ आरशासारखा चकाकला की नौका वेगाने धावते. या समजुतीपायी कित्येक संध्याकाळी चुकीच्या कामात खर्ची पडतात.

या प्रश्नाचा शास्त्रीय पाया १८७० च्या दशकात घातला गेला. विल्यम फ्रूड या ब्रिटिश अभियंत्याने इंग्लंडमधील टॉर्की येथे लांब हौद बांधून त्यातून निरनिराळ्या पृष्ठभागांच्या फळ्या ओढून पाहिल्या. वार्निश दिलेल्या फळीच्या तुलनेत सुती कापड लावलेल्या फळीला जवळजवळ दुप्पट घर्षणरोध होत असल्याचे त्याला आढळले. खरखरीतपणाची किंमत मोजावी लागते, हे यातून सिद्ध झाले. पुढच्या संशोधनाने त्या खरखरीतपणाची मर्यादाही निश्चित केली.

नौकेच्या अंगाला लागून पाण्याचा एक पातळ थर मंदावलेला असतो. पृष्ठभागावरील खाचाखोचा या थरात पुरत्या बुडालेल्या असतील, तर पाण्याला त्या जाणवतच नाहीत. आखाताच्या पाण्यात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणाऱ्या शिडाच्या नौकेसाठी ही मर्यादा सुमारे ८० मायक्रॉन भरते. ४०० क्रमांकाच्या वॉटर पेपरचा कण साधारण ३५ मायक्रॉनचा असतो आणि त्याचा ओरखडा त्याहूनही उथळ. म्हणजे ४०० ते ६०० क्रमांकापर्यंत नीट घासलेला तळ पाण्याच्या दृष्टीने गुळगुळीतच होय. वेग दुप्पट झाला की मर्यादा निम्म्यावर येते. ताशी ५४ किलोमीटर वेगाच्या मोटरबोटीसाठी ती जेमतेम पाच मायक्रॉन उरते. १५०० किंवा २००० क्रमांकापर्यंतचे कष्ट तिथेच सार्थकी लागतात.

तापमानाचाही यात वाटा आहे. पाणी तापले की त्याची श्यानता घटते. उन्हाळ्यात ३३ अंशांवर गेलेल्या आखातातील मर्यादा युरोपातील दहा अंशांच्या समुद्रापेक्षा सुमारे चाळीस टक्क्यांनी कडक असते. तिकडच्या मार्गदर्शिकेतील क्रमांक इथे वापरताना एक पायरी बारीक कागद घ्यावा.

मग नौका मागे का पडते? बहुधा उंचसखलपणामुळे. एक मीटरच्या नौकेवर पुढच्या भागातील प्रवाह स्तरीय, म्हणजे शांत, राहू शकतो; मागे तो संक्षुब्ध होतो. या वेगाला संक्षुब्ध प्रवाहाचे घर्षण स्तरीय प्रवाहाच्या तिपटीहून अधिक असते. नाळेजवळ रंगाचा ओघळ, स्टिकरची कड किंवा लांबीचा उंचवटा राहिला, तर शांत प्रवाह वेळेआधीच विस्कटू शकतो. मंद वाऱ्यात, जेव्हा लाटांचा रोध कमी आणि घर्षणाचा वाटा मोठा असतो, तेव्हा हा फरक सर्वाधिक जाणवतो.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. प्रथम साबणाच्या पाण्याने आणि नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने साच्याचे मेण पुसून काढावे. इपॉक्सीची लांबी भरून, लवचीक लांब फळीवर पेपर लावून तिरक्या, एकमेकांना छेदणाऱ्या हातांनी घासावे. बोटांखाली पेपर धरून घासल्यास नेमके खळगे पडतात. प्रायमरवर काळ्या रंगाची हलकी फवारणी करून पुन्हा घासले की काळे उरलेले डाग खळगे दाखवतात. शेवटी २४०, ४००, ६०० या क्रमाने पाण्यासह घासावे. मागची कड गोल न करता धारदार ठेवावी, म्हणजे पाणी स्वच्छ सुटते.

रुवैसच्या उन्हाचे दोन धोके वेगळे सांगायला हवेत. घरच्या तापमानाला घट्ट झालेली बहुतेक इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागते. बंद गाडीत ठेवलेल्या गडद रंगाच्या नौकेवर कापडाची वीण उमटते आणि आठवड्यांची मेहनत एका दुपारी वाया जाते. दुसरा धोका माणसाला आहे. बाहेर उकाडा म्हणून वातानुकूलित खोलीत दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग फवारणे टाळावे. त्यातील आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. हे काम हिवाळ्यात, मोकळ्या हवेत किंवा व्यावसायिक रंगशाळेत करून घ्यावे.

मेणाने पाण्याचे मोती होतात, ते दिसतात सुंदर. वेग मात्र त्याने वाढत नाही. सूक्ष्म खोबणींची फिल्म घर्षण कमी करते, हे खरे. १९८७ च्या अमेरिका चषकात ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ नौकेने ती वापरली होती. परंतु शिडाच्या शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत असे खास पोत आणि पाण्यात सोडले जाणारे पदार्थ आता निषिद्ध आहेत.

उरतो तो रोजचा शिरस्ता. शर्यतीनंतर नौका गोड्या पाण्याने धुवावी, कारण वाळलेल्या मिठाचे खडे पुसताना नवे ओरखडे पडतात. आणि पाण्यात सोडण्यापूर्वी डोळे मिटून तळावरून तळहात फिरवावा. चकाकीने डोळे फसतात. उंचवटा हाताला कळतोच.